नाकारलेल्या वाटेवरची शिदोरी

(ज्युबिली महोत्सवानिमित्त पाचोरा येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीचा उत्सव मूळचा यहुदी लोकांचा. जुन्या करारांतील लेवीय नामक ग्रंथांत त्याची योजना सांगितली आहे. दर पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, ज्याची जमीन हातची गेली असेल त्याला ती परत मिळावी, आणि दारिद्र्यामुळें जो दुसऱ्याचा दास झाला असेल त्यानें मोकळें होऊन आपल्या कुटुंबांत जावें, अशी ती योजना होती. यावरून एक गोष्ट दिसून येते. ज्यांचें सर्व कांहीं सुरळीत चाललें आहे त्यांच्याकरितां ज्युबिली मुळांत नव्हती. ज्यांचें कांहीं तरी हरपलें होतें त्यांच्याकरितां ती होती. हें ध्यानांत ठेवूनच आजच्या मंगल प्रसंगीं मीं एक असा विषय निवडला आहे, कीं जो उत्सवाच्या दिवशीं सहसा कोणी काढीत नाहीं. ठरविलेलें फसलें, चालती वाट बंद पडली, मनाजोगतें कांहींच घडलें नाहीं, तर मनुष्यानें आपल्या जीविताचा हेतु कोठें शोधावा आणि त्याला आनंद कोठून मिळावा, हा तो विषय होय.

अपेक्षाभंग म्हणजे काय, हें पाचोऱ्याच्या मंडळींना कोणी येऊन शिकवावें असें मुळींच नाहीं. जामनेरच्या ज्या चिमुकल्या गाडीनें कित्येक पिढ्यांचे बाजारकरी, विद्यार्थी व माहेरवाशिणी यांना इष्ट स्थळीं पोंचविलें, ती इ. स. २०२० मध्यें थांबली. कपाशी हें तर या भागाचें रोकडीचें पीक; परंतु पाऊस कधीं पेरणीच्या वेळीं दडी मारतो, कधीं बोंडें फुटलीं असतां कोसळतो, आणि दोहोंतून जें वांचतें त्यांत बोंडअळी शिरते. वर्षभराचा हिशेब एका पंधरवड्यांत उलटा होतो. एखादा मुलगा चार-चार वर्षें घरापासून दूर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करितो आणि थोडक्या गुणांनीं मागें राहतो. एखादी भगिनी ऐन उमेदींत विधवा होते. एखाद्या कर्त्या पुरुषाला दुखणें अंथरुणास खिळवितें. हीं सर्व माणसें रविवारीं आपल्या शेजारींच गुडघे टेकून बसलेलीं असतात, आणि प्रत्येकाच्या मनांत एकच प्रश्न असतो: आतां मी कशाकरितां जगूं?

या प्रश्नाला तात्त्विक उत्तरें पुष्कळ आहेत. मी मात्र आपल्यापुढें एक चरित्र ठेवणार आहें. तें दूर देशींच्या कोणा महात्म्याचें नसून आपल्याच महाराष्ट्रांत, वसईच्या मातींत जन्मलेल्या एका पुरुषाचें आहे. त्यांचें नांव संत गोन्सालो गार्सिया.

वसई इ. स. १५३४ पासून पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होती. तेथें इ. स. १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज शिपाईबाण्याचा, माता वसईकडील. येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं त्यांना शिकविलें, आणि त्या गुरुजनांकडे पाहून आपणहि याच संघांत जावें अशी इच्छा या मुलाच्या मनांत उत्पन्न झाली. पंधरा-सोळा वर्षांचें वय असतां ते येशूसंघाच्या एका धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. घर सुटलें, भाषा सुटली, समुद्रापलीकडील एका अनोळखी देशांत सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें. ते जपानी भाषा शिकले, आणि इतकी उत्तम शिकले कीं, त्या देशांतील लोकांशीं ते त्यांच्यापैकींच एक असल्याप्रमाणें बोलूं लागले. एवढी सेवा झाल्यावर संघांत प्रवेश मिळेल अशी त्यांची आशा होती. तो प्रवेश त्यांना मिळाला नाहीं.

बंधुभगिनींनो, या ठिकाणीं क्षणभर थांबावें असें मला वाटतें. संतांचीं चरित्रें वाचितांना आपण शेवटाकडे धांव घेतों. शेवटीं वेदीवर मूर्ति आहे हें आपणांस ठाऊक असतें, म्हणून मधल्या दुःखाचें आपणांस कांहींच वाटत नाहीं. परंतु त्या दिवशीं गोन्सालो यांना शेवट ठाऊक नव्हता. ते सुमारें पंचवीस वर्षांचे होते. तारुण्याचीं सर्वांत मोलाचीं वर्षें ज्या एका आशेवर खर्ची पडलीं ती आशाच संपली होती. त्या काळीं हिंदी मातेच्या पुत्रांना धर्मसंघांत घेण्याविषयीं अनेक अधिकाऱ्यांचें मत प्रतिकूल असे, हें इतिहासांत नमूद आहे. आपण काय केलें म्हणून नव्हे, तर आपण कोण आहों म्हणून दार लागतें, हा अनुभव किती जिव्हारीं लागतो हें या सभेंतील कित्येकांना सांगावयास नको.

अशा वेळीं मनुष्यापुढें दोन वाटा सहज उघड्या असतात. एक, ज्यांनीं नाकारलें त्यांचा जन्मभर द्वेष करणें. आणि दुसरी, मीच नालायक म्हणून स्वतःला टाकून देणें. गोन्सालो यांनीं या दोहोंपैकीं एकहि वाट धरली नाहीं. त्यांनीं व्यापार सुरू केला. ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. त्यांना कोणताहि दिव्य संकेत मिळाला नव्हता; पोट भरावयाचें होतें, हातपाय धड होते, भाषा येत होती, म्हणून ते प्रामाणिकपणें कामाला लागले. धंद्यांत त्यांना यश आलें, हातीं पैसा आला, नांव झालें. व्यापाराच्या निमित्तानें ते फिलिपाईन बेटांतील मनिला शहरीं गेले, आणि तेथें संत फ्रान्सिसच्या संघांतील लोकांची व त्यांची गांठ पडली. जुनी इच्छा विझलेली नव्हती. ती राखेखालीं होती. चालता धंदा सोडून ते त्या संघांत साधे ब्रदर म्हणून दाखल झाले. धर्मगुरुपद त्यांना कधींच मिळालें नाहीं.

आणि आतां पाहा. इ. स. १५९३ मध्यें फिलिपाईनच्या गव्हर्नरानें जपानचा सर्वाधिकारी हिदेयोशी याच्याकडे आपला वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना पाठविलें. त्यांच्या समवेत दुभाषी म्हणून कोणाला पाठवावें, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचें उत्तर मनिलाच्या मठांतच होतें. वसईचा तो ब्रदर दरबारांतहि बोलूं शकत होता आणि बाजारांतहि बोलूं शकत होता. कारण पहिली भाषा तो धर्मशिक्षक असतां शिकला होता, आणि दुसरी व्यापारी असतां. ज्या वर्षांचें मातेरें झालें असें कोणालाहि वाटलें असतें, तींच वर्षें आतां कामीं आलीं. हिदेयोशीसमोर त्या धर्मगुरूंचे शब्द गोन्सालो यांच्या मुखांतून निघाले. पुढें क्योतो नगरांत त्या मंडळींनीं देऊळ बांधिलें आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आरंभिली. त्या रोग्यांचें दुःख ऐकून घेणारा आणि त्यांच्याच बोलींत त्यांना धीर देणारा मनुष्य हवा होता. तो मनुष्य नाकारलेल्या वाटेवरच तयार झाला होता.

आपल्याकडे प्रवासाला निघतांना शिदोरी बांधून देण्याची रीत आहे. गाडी चुकली किंवा वाट बदलली, तरी शिदोरी नासत नाहीं; ती कोणत्याहि झाडाखालीं बसून सोडतां येते. मनुष्य ज्या वाटेनें जाऊं इच्छितो ती वाट बंद होऊं शकते. परंतु त्या वाटेवर त्यानें जें शिकून घेतलें, जी सवय लाविली, जो स्नेह जोडिला, तो हिरावून नेण्याचें सामर्थ्य कोणाच्याहि नकारांत नसतें. आजच्या व्याख्यानांत मला एवढेंच सांगावयाचें आहे. अपयश आलें असतां आपण जें गेलें त्याचीच मोजदाद करीत बसतों. त्याऐवजीं शिदोरी सोडून पाहावी, आणि ती आज कोणाच्या भुकेला उपयोगी पडेल हें विचारावें. जीविताचा हेतु बहुधा त्या दुसऱ्या प्रश्नांत सांपडतो.

चरित्राचा शेवट आपणांस ठाऊक आहे. इ. स. १५९६ मध्यें एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलें. त्यांतून संशय व वैर वाढलें, आणि हिदेयोशीनें धर्मप्रचारकांना धरण्याची आज्ञा केली. सव्वीस जणांना ऐन हिवाळ्यांत नागासाकीपर्यंत चालविण्यांत आलें. त्यांच्या कानाचे लचके तोडून गांवोगांव त्यांची धिंड काढिली होती. इ. स. १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकीजवळील टेकडीवर त्या सर्वांना क्रुसावर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. त्यांत फ्रान्सिस्कन संघाचे सहा जण होते, सतरा सामान्य भाविक होते व त्यांत कांहीं कोवळीं मुलेंहि होतीं, आणि तिघे येशूसंघाचे होते. गोन्सालो यांना ज्या संघांत प्रवेश मिळाला नाहीं, त्याच संघाचे संत पौल मिकी व त्यांचे दोन सोबती त्यांच्याच रांगेंत क्रुसावर होते. सारें आयुष्य ज्यांच्या पंक्तीला बसावें म्हणून तळमळले, त्यांच्या पंक्तीला ते अखेर बसले. पण ती पंक्ति कोणत्याहि एका संघाची नव्हती, ती ख्रिस्ताची होती. इ. स. १६२७ मध्यें त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें, आणि इ. स. १८६२ च्या जूनच्या ८ तारखेस पोप नववे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें. हिंदुस्थानच्या भूमींत जन्मलेले ते पहिले संत होत. आजहि दर वर्षीं ६ फेब्रुवारीस ख्रिस्तसभा संत पौल मिकी व त्यांचे सोबती यांचें स्मरण करिते, आणि त्या सोबत्यांत आपला वसईकर आहे.

येशूसंघाचें नांव निघालें म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस हेहि ठरविलेल्या वाटेनें गेलेले पुरुष नव्हते. ते लढवय्ये सरदार होते. इ. स. १५२१ मध्यें पांप्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला. बरा झालेला पाय वेडावांकडा दिसूं लागला, तेव्हां केवळ दरबारीं रुबाब टिकावा म्हणून त्यांनीं तें हाड पुन्हां कापवून घेतलें. इतका जीव त्या वैभवावर होता! अंथरुणावर असतां करमणुकीच्या शौर्यकथा हव्या होत्या, त्या घरांत नव्हत्या. ख्रिस्ताचें व संतांचें चरित्र तेवढें मिळालें, आणि त्या वाचनानें त्यांचें मन पालटलें. मग त्यांनीं ठरविलें कीं, यरुशलेमेंत जाऊन तेथेंच जन्म घालवावा. इ. स. १५२३ मध्यें ते तेथें पोंचलेहि. परंतु पवित्र स्थळांची व्यवस्था ज्यांच्याकडे होती त्या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनीं त्यांना राहूं दिलें नाहीं. परत जाण्याची आज्ञा केली. ते परत आले, आणि तिशी उलटलेला हा सरदार बार्सेलोना येथें लहान मुलांच्या बरोबरीनें लॅटिन भाषेचे धडे गिरवूं लागला. त्या अभ्यासांतूनच पुढें पॅरिसचें विद्यापीठ, तेथील मित्र, आणि इ. स. १५४० मध्यें पोप महाशयांनीं मान्यता दिलेला येशूसंघ उभा राहिला.

पाहा, येशूसंघाच्या संस्थापकाला फ्रान्सिस्कनांनीं परत पाठविलें, आणि येशूसंघानें ज्यांना घेतलें नाहीं त्या गोन्सालोंना फ्रान्सिस्कनांनीं जवळ केलें. दोन्ही संघ पवित्र, दोन्हीकडील अधिकारी आपापल्या समजुतीप्रमाणें वागले. यावरून एवढेंच शिकावें कीं, चांगल्या माणसांचा नकार हा देवाचा नकार असतोच असें नाहीं.

कोणी म्हणेल, हे सारे संत. आम्ही प्रापंचिक माणसें. म्हणून मी एक उदाहरण आपल्या अगदीं शेजारचें देतों, आणि तें ख्रिस्ती मनुष्याचें नाहीं, याचें कोणाला वैषम्य वाटूं नये. देवाची कृपा आपल्या देवळाच्या भिंतीपाशीं अडत नाहीं. जळगांवाजवळील असोदे गांवीं इ. स. १८८० मध्यें जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. लहान वयांत लग्न झालें, ऐन तारुण्यांत वैधव्य आलें, पदरीं मुलें, आणि राबावयाला शेत. त्यांच्यापाशीं शिदोरी ती काय? जातें, विहीर, नांगर, पेरणी, सुगरणीचा खोपा आणि खानदेशची बोली. जें सर्वांच्या डोळ्यांसमोर रोज होतें तेंच त्यांनीं मन लावून पाहिलें, आणि काम करतां करतां ओव्या रचिल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्यामुळें त्यांतील कांहीं कागदावर राहिल्या. बहिणाबाई इ. स. १९५१ मध्यें वारल्या. त्यांच्या कवितांचें पुस्तक इ. स. १९५२ मध्यें निघालें. तें पुस्तक त्यांनीं पाहिलें नाहीं. कीर्तीकरितां त्यांनीं गाइलें असतें तर त्यांचें आयुष्य फसलें असें म्हणावें लागलें असतें. परंतु त्यांना दळतांना गावेंसें वाटलें, म्हणून त्या गायिल्या. आणि आज उत्तर महाराष्ट्राचें विद्यापीठ त्यांचें नांव धारण करून उभें आहे.

येथवर मीं उजळ बाजू सांगितली. आतां एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. तो दिल्यावांचून हें बोलणें अर्धवट, किंबहुना अपायकारक होईल.

दुःखी मनुष्याच्या घरीं जाऊन आपण फार लवकर उपदेश करितों. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाहीं," असें आपण म्हणतों, आणि चहा पिऊन निघून येतों. घाव सोसणाऱ्यानें ही म्हण स्वतः उच्चारिली तर ती तपश्चर्या आहे. न सोसणाऱ्यानें ती ऐकविली तर तो निर्दयपणा आहे. त्याचप्रमाणें "देवाची इच्छा" हे शब्दहि जपून वापरावेत. मजुराची मजुरी बुडविली, सुनेला मारहाण झाली, गरिबाच्या जमिनीवर लबाडीनें कोणी हात मारिला, तर ती देवाची इच्छा नव्हे, तें माणसाचें पाप आहे. आणि त्याचा प्रतिकार करणें हेंच त्या वेळीं ख्रिस्ती मनुष्याचें काम होय. ज्युबिलीच्या वर्षीं जमीन परत करण्याची आज्ञा देवानेंच दिली होती, ती अन्याय सोसत राहा हें सांगण्यासाठीं खचित नव्हे. जें बदलतां येतें तें बदलावें. जें खरोखरच बदलतां येत नाहीं, त्याच्याच बाबतींत शिदोरीची गोष्ट लागू पडते.

दुसरें याहून नाजूक आहे. आपल्या खानदेशांत व शेजारच्या विदर्भ-मराठवाड्यांत कर्जानें व नापिकीनें खचून कित्येक शेतकऱ्यांनीं आपला प्राण स्वतःच्या हातानें घेतला आहे. त्यांच्या घरच्यांना दुःखावर लज्जेचा भार वाहावा लागतो. त्यांच्यासाठीं ख्रिस्तसभेची शिकवण आज मी स्पष्ट शब्दांत सांगूं इच्छितों. इ. स. १९९२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथांत म्हटलें आहे कीं, जीवन हें देवाचें असून तें टाकून देण्याचा अधिकार आपणांस नाहीं. परंतु तीव्र मनोव्यथा, यातना किंवा मोठें भय यांमुळें अशा मनुष्याची जबाबदारी कमी होऊं शकते, आणि त्याच्या तारणाविषयीं आपण निराश होऊं नये. ख्रिस्तसभा त्याच्याकरितां प्रार्थना करिते. म्हणून अशा घरावर बोट न दाखवितां त्या घरीं भाकरी घेऊन जावें. आणि ज्याचें मन आज अंधारांत आहे, जो जेवत नाहीं, झोंपत नाहीं, बोलत नाहीं, त्याला एकटें सोडूं नये. त्याच्यापाशीं नुसतें बसावें, त्याचें ऐकावें, आणि पाय मोडला असतां जसें डॉक्टरांकडे नेतों तसेंच मन मोडलें असतांहि न्यावें. त्यांत श्रद्धेची उणीव नाहीं. क्योतोच्या कुष्ठरोग्यांना गोन्सालो यांनीं केवळ प्रार्थना शिकविली नाहीं. त्यांच्या जखमाहि धुतल्या जातील अशी सोय त्या मठानें केली.

आतां ज्याला पाऊल पुढें टाकावयाचें आहे त्यानें काय करावें, याविषयीं तीन साध्या गोष्टी सांगतों. पहिली संत इग्नेशियस यांच्या साधनाग्रंथांतील आहे. मन उदास व सैरभैर असतां पूर्वींचा चांगला निश्चय मोडूं नये, असा त्यांचा नियम आहे. अनुभवानें तो किती खरा आहे पाहा! निकाल लागला त्या रात्रीं शिक्षण सोडण्याचें ठरवूं नये. पीक बुडालें त्या आठवड्यांत शेत विकण्याचें ठरवूं नये. भांडण झालें त्या दिवशीं घर मोडण्याचें ठरवूं नये. अंधारांत वाट बदलणारा बहुधा खड्ड्यांत जातो. दिवस उगवूं द्यावा, मन निवूं द्यावें, दोघा शहाण्यांना विचारावें, मग ठरवावें.

दुसरी गोष्टहि त्यांचीच शिकवण. रोज रात्रीं दिवसाचें परीक्षण करावें. आज काय मिळालें, कोठें चुकलें, कोणी साह्य केलें, मला कोणाच्या उपयोगीं पडतां आलें, हें देवासमोर आठवावें. अपयशानें ग्रासलेल्या मनुष्याला वर्षाचा हिशेब नेहमीं तोट्याचाच दिसतो; एका दिवसाच्या हिशेबांत मात्र कांहीं ना कांहीं जमा निघतेंच. शेजाऱ्याच्या मुलाला शिकविलेलें एक गणित, आजारी सासूला पाजलेली पेज, गाडीवर चढतांना म्हाताऱ्याला दिलेला हात, हीहि जमाच होय.

तिसरी गोष्ट अशी, कीं मला काय व्हावयाचें होतें हा प्रश्न थोडा बाजूस ठेवून, मजजवळ जें आहे त्याची कोणाला गरज आहे, हा प्रश्न विचारावा. स्पर्धा परीक्षेंत मागें पडलेल्या तरुणापाशीं चार वर्षांचें वाचन आहे, आणि त्याच गांवांत शेतकऱ्यांना सरकारी अर्ज भरतां येत नाहींत. ज्या विधवा भगिनीनें रुग्णशय्येशीं वर्षें काढिलीं, तिला पथ्यपाणी व रात्रींचें जागरण यांचें जें ज्ञान आहे तें एखाद्या नवशिक्या परिचारिकेलाहि नसेल. निवृत्त झालेल्या रेल्वे कामगारापाशीं शिस्त आहे, घड्याळ आहे, आणि आतां वेळहि आहे. यांपैकीं कोणीहि आपल्या पहिल्या इच्छेप्रमाणें येथें पोंचलेला नाहीं. पण यांपैकीं कोणीहि रिकाम्या हातांनीं पोंचलेला नाहीं.

शेवटीं आनंदाविषयीं दोन शब्द. सुख आणि आनंद यांत भेद आहे. सुख परिस्थितीवर अवलंबून असतें; पाऊस पडला कीं तें येतें, पाऊस गेला कीं जातें. त्याची इच्छा करणें पाप नाहीं. देवानें दिलें तर तें आभार मानून घ्यावें. परंतु आनंद हा त्याच्या मागें धांवल्यानें हातीं येत नाहीं. आपण दुसऱ्या कोणत्या तरी कामांत गुंतलों असतां तो मागून येऊन आपल्या शेजारीं बसतो. नागासाकीच्या टेकडीवर सुख नव्हतें. तरीहि ते सव्वीस जण देवाचें स्तवन करीत मेले, असें त्यांच्या वृत्तांतांत लिहिलें आहे. त्या स्तवनाचा अर्थ, वेदना नव्हत्या असा नव्हे. आपलें आयुष्य वायां गेलें नाहीं, हें त्यांना कळलें होतें. आनंद म्हणतात तो हाच. आणि तो धनवानाला, विजयी मनुष्याला जितका मोकळा आहे तितकाच हरलेल्यालाहि मोकळा आहे. आपल्या प्रभूनें स्वतः क्रुसाच्या वाटेनें जाऊन हें सिद्ध केलें. शुक्रवारच्या सायंकाळीं त्याचें सर्व कार्य बुडालें असेंच त्याच्या शिष्यांना वाटलें होतें. परंतु रविवारची सकाळ त्याच कबरेजवळ उगवली.

बंधुभगिनींनो, धर्मग्राम म्हणजे शिदोऱ्या एकत्र सोडण्याचें ठिकाण. एकाजवळ भाकरी असते, दुसऱ्याजवळ चटणी, तिसऱ्याजवळ केवळ पाण्याचा तांब्या. पण एका झाडाखालीं बसल्यावर कोणी उपाशी उठत नाहीं. ज्युबिलीच्या या वर्षीं आपण सजावट करूं, मिरवणूक काढूं, तेंहि योग्यच आहे. परंतु प्रत्येक कुटुंबानें एवढाहि संकल्प करावा, कीं ज्या घरीं कांहीं तरी हरपलें आहे अशा एका घरीं आपण जाऊं; उपदेश करावयाला नव्हे, तर तुमच्या शिदोरींत काय आहे तें आम्हांस द्या, आम्हांस त्याची गरज आहे, असें सांगावयाला. खचलेल्या मनुष्याला मदत मिळाली तर बरें वाटतें. पण आपली कोणाला तरी गरज आहे हें कळलें, कीं तो उठून उभा राहतो. रणशिंगाचा खरा नाद तोच होय.

संत गोन्सालो गार्सिया आपणां सर्वांसाठीं विनंती करोत, आणि दयाळू देव आपल्या प्रत्येकाच्या बंद पडलेल्या वाटेवरील श्रम कोणाच्या तरी उपयोगीं पाडो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.